साहेब नसलेलं नाटक

वसुधाताई, नाटक झालं. तुम्ही लिहिलं होतंत तसंच झालं, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. हे आधी सांगून टाकतो, कारण तुमचा स्वभाव मला माहीत आहे. ते कळल्याशिवाय पुढचं काही तुम्ही ऐकून घेणार नाही.

तुम्ही जुलैमध्ये गेलात आणि प्रयोग होता ऑगस्टच्या मध्यावर. शेवटच्या प्रवेशावरून आपलं भांडण चालू होतं. फोनवर मी बराच वेळ हुज्जत घातली तेव्हा तुम्ही थकून म्हणालात, "बरं, मी विचार करते. शनिवारी ये, बोलू." शुक्रवारी सकाळी तुमच्या रवीचा फोन आला. "निखिल, आई गेला," तो म्हणाला. इथेच जन्मलेल्या मुलाचं मराठी. तुम्ही जन्मभर ते सुधारत राहिलात आणि तो जन्मभर तसंच बोलत राहिला. त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही, फक्त एवढंच वाटलं की आता याला कोण टोकणार. मग ट्रॅमच्या स्टॉपवरच मी रडलो. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी टिशू पुढे केला.

तुम्ही काय विचार केला होतात, ते मला आता कधीच कळणार नाही. याचा मला राग येतो. गेलात ते गेलात, निदान शनिवार तरी होऊ द्यायचा होतात!

पुण्याहून कंपनीने मला क्रॉयडनला पाठवलं तेव्हा इथल्या मराठी मंडळात मी आलो तो खरं म्हणजे जेवणासाठी. गणपतीत पुरणपोळी मिळते असं ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं होतं. पुरणपोळी मिळाली आणि बरोबर नाटकातलं कामही गळ्यात पडलं, कारण माझे डोळे घारे. खिडकीबाहेर हात काढला तर साहेबाला लागेल अशा या देशात आपलं मंडळ पंधरा ऑगस्टच्या नाटकातल्या साहेबासाठी पुण्याचा घारा माणूस शोधतं! दरवर्षी मी डोक्यावर हॅट चढवायचो, हातात छडी घ्यायचो, "टुम लोक" म्हणून ओरडायचो आणि शेवटी क्रांतिकारकाच्या हातून मरायचो. मुलं खूश, त्यांचे आईबाप खूश.

पहिल्याच तालमीला तुम्ही मला थांबवलंत. इथल्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवून निवृत्त झालेली बाई, चष्मा दोरीला बांधलेला, हातात लाल पेन. "निखिल, साहेब असं बोलत नसत. त्यांना मराठीची परीक्षा द्यावी लागायची. आमच्या तालुक्याला आलेला साहेब तुझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलायचा." सगळे हसले. मी चिडून सांगितलं की माझे आजोबा बेचाळीस साली भूमिगत होते, घरात ताम्रपट आहे, साहेब कसा होता ते मला शिकवू नका. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. "वा. या मंडळात सगळ्यांचेच आजोबा भूमिगत होते. मग राज्य कोण चालवत होतं रे?"

तेव्हापासून मी तुमच्या घरी यायला लागलो. तुमची ती पुढची खोली, तालमीसाठी भिंतीला लावलेला सोफा, आणि उशिरा येईल त्याने सगळ्यांचा चहा करायचा हा तुमचा कायदा. माझी ट्रेन कायम लेट, त्यामुळे तुमच्या स्वयंपाकघरातलं आलं कुठे असतं हे रवीपेक्षा मला जास्त ठाऊक. चहा झाला की तुम्ही एक घोट घ्यायचात आणि म्हणायचात, "पाणचट." मग संपूर्ण कप संपवायचात. पुण्यातल्या माझ्या आईनेही माझ्यावर इतकी टीका केली नाही आणि इतकं जेवायलाही घातलं नाही.

स्वातंत्र्याला साठ वर्षं झाली म्हणून यंदा मंडळाला काहीतरी मोठं हवं होतं. तुम्ही म्हणालात, नाटक मी लिहिते. सगळ्यांना आनंद झाला. मग तुम्ही वाचून दाखवलंत. नाटक बेचाळीसचं, पण क्रांतिकारकाचं नाही. एका तालुक्याच्या गावातल्या फौजदाराचं.

"ताई, फिफ्टीन ऑगस्टला फौजदार हीरो?" आपले अध्यक्ष डॉक्टर सबनीस म्हणाले. "लोक फॅमिली घेऊन येतात हो. मुलांना आपला फ्रीडम स्ट्रगल कळायला हवा."

"हीरो कोण म्हणालं? फौजदार आहे तो."

"आणि यात साहेब कुठे आहे?"

"साहेब येतच नाही."

"म्हणजे ऑफस्टेज? आवाज वगैरे?"

"आवाजही नाही. अहो डॉक्टर, साहेब महिन्यातून एकदा घोड्यावरून यायचा. बाकीचे दिवस राज्य काय आपोआप चालत होतं?"

मी गालात हसत होतो, कारण माझी सुटका झाली असं मला वाटलं. तुम्ही लाल पेन माझ्याकडे रोखलंत. "फौजदार निखिल करेल." मला ते मुळीच नको होतं. ताम्रपटवाल्या आजोबांचा नातू, आणि फौजदार? वडिलांना फोन करून सांगायची सोय नव्हती. तुम्ही म्हणालात, "म्हणूनच."

ते काम मला कळत नव्हतं. ओरडायला गेलो की तुम्ही म्हणायचात, ओरडू नकोस. मऊ बोललो तर म्हणायचात, दीनवाणा होऊ नकोस. मग तो व्हिसाचा दिवस आला. माझ्या व्हिसाची मुदत वाढवायची होती, ऑफिस तुमच्या घराजवळ, म्हणून तुम्ही सोबत आलात. अर्धा दिवस रांगेत गेला. खिडकीमागे आपल्याच रंगाची एक तरुण मुलगी होती, मंगळसूत्रही दिसत होतं गळ्यात. माझ्याकडे बँकेच्या कागदाची झेरॉक्स होती. "आय अंडरस्टँड सर, बट वुई नीड दि ओरिजिनल," ती अगदी गोड आवाजात म्हणाली आणि तिने पुढच्या माणसाला बोलावलं.

परत येताना ट्रॅममध्ये मी धुमसत होतो. आपलीच बाई आणि जरासुद्धा माणुसकी नाही, असं बरंच काही बोललो. तुम्ही शांतपणे विचारलंत, "तिचं काही चुकलं का?"

"नाही, पण..."

"ती उद्धट बोलली?"

"नाही हो. पण तरी."

"हं. तर हे असे होते माझे बाबा," तुम्ही म्हणालात.

मला आधी कळलंच नाही. ट्रॅम वळणावर करकरली, तुम्ही पुढच्या सीटचा दांडा धरलात आणि सांगायला लागलात. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. तुमचे वडील तिथले फौजदार. तुमच्या शाळेचे मास्तर त्यांचे जिवलग मित्र, रोज संध्याकाळी तुमच्या ओसरीवर दोघांचा सोंगट्यांचा डाव. मास्तर काही पहिल्यापासून बंडखोर नव्हते. बादशहाच्या वाढदिवसाला मुलांना रांगेत उभं करून पेढे वाटणारा सरळ माणूस. एकदा त्यांच्या एका विद्यार्थ्याला पत्रकं वाटताना पकडलं आणि मास्तर रदबदली करायला कचेरीत आले. नियमाप्रमाणे त्यांना चपला बाहेर काढायला लावल्या. नियमाप्रमाणे उभं ठेवलं. साहेब त्या दिवशी गावातही नव्हता. आतल्या टेबलाशी तुमचे वडील कागद वाचत बसले होते आणि दुपारभर आपला मित्र अनवाणी उभा आहे हे त्यांना दिसत होतं. संध्याकाळी मास्तर ओसरीवर आले नाहीत. त्यानंतर कधीच आले नाहीत.

"आम्ही मुलांना वर्गात क्रांतीची कारणं लिहायला लावतो," तुम्ही म्हणालात. "आर्थिक, सामाजिक, राजकीय. मीही लावली इतकी वर्षं. पण मी डोळ्यांनी पाहिलेलं कारण एवढंच. मास्तर त्या दुपारी बदलले. साहेबाने उभं केलं असतं तर त्यांनी सोसलं असतं."

ऑगस्टात मास्तर मोर्चा घेऊन कचेरीवर झेंडा लावायला आले, तेव्हा लाठीचा हुकूम तुमच्या वडिलांनी दिला. मास्तरांचा उजवा हात मोडला, तो पुन्हा कधी सरळ वर गेला नाही. पुढच्या संक्रांतीला तुमच्या आईने हळदीकुंकू केलं. तुम्ही लहान, परकर-पोलकं घालून दाराशी तिळगुळाचं ताट घेऊन बसलात. गावातली एकही बाई आली नाही. आई आत जाऊन झोपून राहिली. दिवेलागणीला वडील ड्युटीवरून आले, तुमच्याकडे पाहिलं, अंगावर खाकी तशीच, तुमच्या समोर जमिनीवर बसले आणि हात पुढे करून म्हणाले, "मला दे."

आपला स्टॉप मागे गेला होता. पुढच्या स्टॉपला उतरून आपण चालत परत आलो आणि वाटेत तुम्ही एकच गोष्ट सांगितलीत, की हे कोणाला माहीत नाही. मंडळात नाही. रवीलाही नाही. "त्याला काय सांगू? शाळेत त्याला पाकी म्हणून ढकलायची गोरी पोरं. त्याला आजोबा तरी शूर हवे होते. मी म्हटलं, सरकारी नोकरीत होते. तेवढंच त्याला माहीत आहे."

त्या दिवसानंतर मला फौजदार सापडला. आणि आपलं भांडणही तिथूनच सुरू झालं.

मी म्हटलं, संक्रांतीचा प्रवेश नाटकात घाला. सगळं थिएटर रडेल. तुम्ही म्हणालात, म्हणूनच नाही घालायचा. "लोक रडले की माफ करून मोकळे होतात. मला माफी नकोय रे. त्यांनी फक्त ओळखावं, की हाही आपल्यातलाच होता." मी म्हटलं, मग शेवटी त्याला राजीनामा देऊ दे. झेंडा वर जाताना कमरेचा पट्टा काढून मास्तरांच्या पायाशी ठेवू दे. तुम्ही इतक्या रागावलात की कपातला चहा बशीत सांडला. "नाही दिला त्यांनी राजीनामा! सत्तेचाळीसला त्याच कचेरीवर झेंडा लागला. मास्तरांनी डाव्या हाताने दोरी ओढली आणि बाबांनी सॅल्यूट केला. तोच पोशाख, तीच जागा. मी तिथे होते."

"मग निदान एक वाक्य द्या त्याला. शेवटी काहीतरी बोलू दे. नुसता सॅल्यूट केला तर लोकांना कळणार नाही त्याला काय वाटतंय ते."

"मलाही नाही कळलं," तुम्ही म्हणालात. "त्यांच्या लेकीला नाही कळलं, तर तुझ्या प्रेक्षकांना कशाला कळायला हवं?"

तरी मी सोडलं नाही. प्रत्येक तालमीला एक नवीन वाक्य घेऊन यायचो आणि तुम्ही ते लाल पेनाने खोडायचात. आता आठवतं तेव्हा हसू येतं. त्या उन्हाळ्यात मला दुसरं काही सुचतच नव्हतं, ट्रेनमध्ये, मीटिंगमध्ये, शॉवरखाली, मी आपला फौजदाराच्या तोंडी वाक्यं घालतोय. आणि तुम्ही एकीकडे खोडत होतात, दुसरीकडे मला सॅल्यूट शिकवत होतात. स्वयंपाकघरात, कणकेच्या हाताने. तळवा पुढे, कोपर खांद्याच्या रेषेत, हनुवटी वर. माझ्या कपाळाला पीठ लागलं की खुदकन हसायचात. सत्तरी ओलांडलेल्या बाईंना इतकं लहान मुलीसारखं हसताना मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. खाकी पोशाख आपण क्रॉयडनमधल्याच जुन्या लष्करी कपड्यांच्या दुकानातून आणला. ब्रिटिश आर्मीचाच उरलेला माल. दुकानदाराने विचारलं कशासाठी हवंय, तर तुम्ही म्हणालात, "फॉर अवर इंडिपेंडन्स डे," आणि त्या बापड्याने आनंदाने सूट दिली.

तुम्ही गेल्यावर सबनीसांनी मीटिंग घेतली. वाईट हेतू नव्हता त्यांचा, डोळे सुजलेले होते. "निखिल, ताईंना ट्रिब्यूट म्हणून नाटक करायचंच. पण तो एंड थोडा पॉझिटिव्ह करूया का? तुझी राजीनाम्याची आयडिया चांगली होती. ताई पण विचार करते म्हणाल्या होत्या ना?"

म्हणाल्या होतात. तेच तर. मला हवा तो शेवट माझ्या हातात आयता आला होता आणि नाही म्हणायला तुम्ही नव्हतात. दोन आठवडे मी त्यावर झुरलो. कदाचित तुम्ही खरंच कबूल झाल्या असतात. कदाचित शनिवारी दार उघडून म्हणाल्या असतात, बरं, दे एक वाक्य. पण हेही खरं की सबंध उन्हाळ्यात तुम्ही माझं एकही वाक्य मान्य केलं नव्हतं. शेवटी मी सबनीसांना सांगितलं, आहे तसंच करतो, नाहीतर मी काम करत नाही. ते हिरमुसले, पण हो म्हणाले.

शाळेचा हॉल भरला होता. रवी पहिल्या रांगेत, सूट घालून, एकटा. नाटक सुरू झालं आणि लोक चुळबुळायला लागले, कारण साहेब येईना. मध्यंतरात कोणीतरी मला विचारलंही, "अरे, गोरा कधी येणार?" मास्तरांना दुपारभर उभं ठेवतो तो प्रवेश मी तुम्ही सांगितलात तसा केला, ओरडलो नाही, दीन झालो नाही, कागद वाचत बसलो. त्या व्हिसावाल्या मुलीचा आवाज काढून म्हटलं, "मास्तर, मी समजू शकतो. पण नियम आहे." हॉलमध्ये कोणी हसलं नाही.

मग शेवटचा प्रवेश. तुम्ही संगीत ठेवलं नव्हतंत, गावात तेव्हा बँड नव्हता म्हणून. मास्तर झालेल्या शिरीषने डाव्या हाताने दोरी ओढली आणि झेंडा हळूहळू वर जायला लागला. मी टाचा जुळवल्या, सॅल्यूट केला. वाक्य तर नव्हतंच. मी समोर बघत होतो आणि मनात म्हणत होतो, ताई, पडलं तुमचं नाटक.

तेवढ्यात मागच्या रांगेत एक खुर्ची करकरली. एक आजोबा उठून उभे राहिले होते. मग त्यांच्या शेजारचे. मग रांगच्या रांग उठली, सबनीस, बायका, मांडीवरची मुलं कडेवर घेऊन त्यांच्या आया. कोणी सांगितलं नव्हतं. नाटकातला झेंडा आहे हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. झेंडा वर जाताना आपली माणसं उभी राहतात, बास. दोन-तीनशे माणसं ताठ उभी, हात बाजूला, हनुवटी वर, तोंडातून शब्द नाही. आणि स्टेजवर मी, खाकीत, अगदी तसाच. मी त्या चेहऱ्यांकडे पाहत होतो आणि कोणाच्या मनात काय चाललंय ते मला एकाच्याही चेहऱ्यावरून कळत नव्हतं. हाताला रग लागली. पडदा पडेपर्यंत कोणी टाळी वाजवली नाही, आणि पडल्यावरही कितीतरी वेळ नाही.

तुम्हाला हे माहीत होतं का हो? की तुम्हालाही ते पाहून नवल वाटलं असतं? मला वाटतं माहीत नव्हतं. मला वाटतं तुम्ही फक्त जे पाहिलंत ते लिहिलंत, आणि माझ्यासारख्याला त्यात ढवळाढवळ करू दिली नाहीत. यासाठी मी तुमचे आभार कधी मानणार होतो कोण जाणे. आता मानतो.

लोक चहाला गेले. मी मेकअप पुसून हॉलमध्ये आलो तर रवी एकटाच खुर्च्या गोळा करून एकावर एक रचत होता. तुम्ही शिकवलेली सवय, हॉल होता तसा करून द्यायचा. मी त्याच्याबरोबर रचायला लागलो. अर्धी रांग रचून झाली. मग तो खाली बघतच म्हणाला, "निखिल, तो पोलीस. तो माझा आजोबा होता ना?"

तुम्ही मला कधी म्हणाल्या नव्हतात की सांगू नकोस. सांग असंही म्हणाल्या नव्हतात.

"हो," मी म्हटलं.

"आई मला कधीच नाही सांगितला. सरकारी नोकरी, एवढाच म्हणायचा." त्याने हातातली खुर्ची खाली ठेवली. पन्नाशीला आलेला माणूस, पण तोंड लहान मुलासारखं झालं होतं. "वॉज ही अ बॅड मॅन? तुला काय वाटते?"

वसुधाताई, सबंध उन्हाळा मी तुमच्याकडे त्या माणसासाठी एक वाक्य मागत होतो, डझनावारी वाक्यं मी स्वतःच लिहून आणली होती. तुमचा मुलगा माझ्यासमोर उभा राहून तेवढं एकच वाक्य मागत होता आणि मला त्यातलं एकही त्याला देता येईना.

"बस इथे," मी म्हटलं. आम्ही रचलेल्या खुर्च्यांतल्या दोन पुन्हा खाली काढल्या, आणि मी त्याला अगदी सुरुवातीपासून सगळं सांगायला लागलो.